उणे एकेचाळीस

१

मी शाळेत फार गेलो नाही. वर्तमानपत्र अक्षराला अक्षर लावून वाचतो, तेही मथळ्यांपुरतं. पण आकडा दिसला की लगेच कळतो, कारण सेहेचाळीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त केले. वाण्याचे, भंगारवाल्याचे, दवाखान्यातले, सोनाराचे इवलेसे काटेसुद्धा. माझे वस्ताद म्हणायचे, "काटा खोटं बोलत नसतो रे. खोटं बोलतो तो काट्यापाशी उभा असलेला माणूस." एवढं एक मी आयुष्यभर सांभाळलं. कुणी कितीही गळ घातली तरी खोटं वजन दाखवणारा काटा हातून दिला नाही.

आता तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढ्यात मी एकटा. बायकोला जाऊन दीड वर्ष झालं. मुलगी दुसऱ्या गावी असते, गाडीने पाच तास. मागल्या थंडीत न्हाणीत पाय घसरला आणि मी तास-दीड तास तिथेच पडून राहिलो. तेव्हापासून तिचा एकच धोशा, "बाबा, आता एकटं राहायचं नाही." तिच्या गावात म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवास आहे. स्वच्छ आहे, नर्स आहे, बाग आहे. मी म्हटलं, सगळं आहे पण माझं घर नाहीये तिथे. शेवटी तडजोड झाली. घरात यंत्रं बसवायची, आणि यंत्रं जोवर म्हणतील म्हातारा ठीक आहे, तोवर म्हाताऱ्याने घरी राहायचं.

यंत्रं बसवायला एक बाई आल्या. चाळिशीच्या, जाडजूड, बोलायला फटकळ.

"काका, हे बटण गळ्यात. पडलात तर दाबा, घाबरलात तर दाबा, करमेनासं झालं तरी दाबा."

"करमेनासं झालं म्हणून दाबायला लागलो, तर दिवसभर अंगठा उचलता यायचा नाही बाई."

त्या हसल्या. मग त्यांनी प्रत्येक खोलीत आणि घरातल्या मधल्या बोळात भिंतीवर एकेक डोळा बसवला. समोर काही हललं की त्यात लाल ठिपका पेटतो. आणि पलंगाच्या चारही पायांखाली चार चकत्या सरकवल्या. मी वाकून पाहिलं आणि मला हसूच आलं. काटाच होता तो! पलंगाचा काटा. मी कधी झोपलो, कधी उठलो, किती भरलो, सगळं उशाशेजारच्या डबीवर दिसणार आणि मुलीच्या फोनवर जाणार. डबीतून तिला माझ्याशी बोलताही येणार.

डबीवर आकडा आला, एकशे सदतीस.

"पलंग रिकामा आहे ना?" बाईंनी विचारलं. "मग हा पलंग आहे का मालगाडीचा डबा?"

मलाही जरा जास्तच वाटला. पण जुनं लाकूड, कापसाची गादी. म्हटलं, असेल.

"शून्य करू?"

"करा."

त्यांनी बटण दाबलं. डबीवर शून्य आलं.

वस्तादांचा एक नेम होता. काटा शून्यावर आणायच्या आधी पारड्यावरून हात फिरवायचा. कितीही रिकामं दिसलं तरी. मी हजारो वेळा फिरवला असेल. त्या दिवशी तेवढा नाही फिरवला. माझ्या बाजूने फिरवता आला असता, पण खिडकीकडची बाजू हिची. ती गेल्यापासून मी त्या बाजूला हात लावत नाही. चादरसुद्धा अलीकडूनच ओढून घेतो.

२

पहिला महिना बरा गेला. संध्याकाळी सातला मुलीचा फोन यायचा आणि ती मला माझाच दिवस वाचून दाखवायची.

"सव्वापाचला उठलात. न्हाणीत अकरा मिनिटं. दुपारी झोप दीड तास. वजन एकसष्ट. शाब्बास."

"जेवलो काय ते नाही का सांगत तुझं यंत्र?"

"ते तुम्ही सांगायचं."

"मग सांगायला काहीतरी शिल्लक ठेवलंस म्हणायचं."

ती हसायची. पण खरं सांगतो, पूर्वी ती विचारायची आणि मी सांगायचो. आता ती सांगायची आणि मी हो म्हणायचो. पाच मिनिटांत फोन संपायचा. मग मी त्या लाल ठिपक्याकडे बघत बसायचो. मी हललो की तो पेटायचा. घरात माझी दखल घेणारं तेवढंच एक उरलं होतं.

दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, आज दुपारी तीन ते चार तुमचं वजन वीस किलो होतं."

"हलका झालोय. वाऱ्याची झुळूक आली तर तुझ्याकडेच उडत येईन."

"थट्टा नको. पलंगाच्या कडेला बसला होता का? पाय खाली टेकवून?"

"आडवा होतो. डोळा लागला होता जरा."

"बरं," ती म्हणाली. पण तिचा आवाज बदलला. "कारण त्याच तासात स्वयंपाकघरातल्या डोळ्याने दोनशे चौदा हालचाली मोजल्यात. बाबा, तुम्ही तिथे काय शोधत होता?"

३

दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या खोलीतल्या पेटीतून माझी वजनं काढली. वीस-वीस किलोची दोन, ओतीव लोखंडाची. धाप लागली, पण एकेक करून पलंगावर ठेवली. चाळीस. एक उचललं. वीस. पाच किलोचं ठेवलं. पंचवीस. काटा चोख होता. कुठे पाव किलोचीही गफलत नाही.

म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं. आणि मी काही वीस किलोचा नव्हतो.

पावणेतीनला मी पलंगासमोर खुर्ची ओढली आणि बसलो. झोपायचंच नाही असं ठरवलं. बाहेर भर दुपार, खालच्या मजल्यावरच्या शिंपीदादांचं मशीन अधूनमधून खडखडत होतं. पलंगावर उन्हाची एक पट्टी पडली होती. डबीवर शून्य.

तीन वाजून चार मिनिटांनी पलंग कुरकुरला. खिडकीकडच्या बाजूने. माणूस उठताना लाकूड जसं कुरकुरतं, तेवढंच.

डबीवर शून्याच्या जागी आकडा आला. आधी एक आडवी रेघ, मग एकेचाळीस. उणे एकेचाळीस.

आमच्या धंद्यात हे लहान पोरालाही कळतं. टोपली काट्यावर ठेवून शून्य करा आणि मग टोपली उचला, काटा उणे जातो. उणे आकड्याचा अर्थ एवढाच. शून्य केलं तेव्हा इथे काहीतरी होतं. आता ते नाही.

मी पलंगाकडे बघत होतो. वजनं उतरवल्यापासून तो रिकामाच होता.

मग बोळातल्या डोळ्यात लाल ठिपका पेटला आणि विझला. आणि स्वयंपाकघरात एक ड्रॉवर उघडला गेला.

४

तुम्ही विचाराल, उठून बघितलं का नाही? नाही बघितलं. भीती होतीच, नाही म्हणत नाही. पण भीतीहून मोठं असं काहीतरी मनात आलं होतं, आणि ते मोडेल म्हणून मी उठलो नाही.

ही दुपारी तीनला उठायची. पन्नास वर्षं. माझी झोप मोडू नये म्हणून हळूच उठायची आणि चहा टाकायची. मग दोन कप घेऊन यायची आणि म्हणायची, "उठा, कुंभकर्ण."

मी खुर्चीत बसून ऐकत राहिलो. एक ड्रॉवर, मग दुसरा. कपाटाचं दार. भांडं सरकलं. परत पहिला ड्रॉवर. कुणीतरी काहीतरी शोधत होतं, घाई न करता.

मी मनाला म्हटलं, हिला घर पाठ होतं, ही अशी शोधणार नाही. मनच मला म्हणालं, अरे, हिचा कप तू ती गेल्यावर उचलून वरच्या फळीवर टाकलास ना, डब्यांच्या मागे? तिला कसा सापडायचा?

तो आठवडा मी सुखात काढला, लाज वाटते पण सांगतो. दुपारी तीनला पलंगावर पडून राहायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. चारच्या सुमाराला पलंग पुन्हा कुरकुरायचा आणि डबीवरचे वीस पुन्हा एकसष्ट व्हायचे. मी मान वळवायचो नाही. आमचं तसंही पाठीला पाठ लावूनच झोपणं असायचं.

पण सेहेचाळीस वर्षांची सवय कुठे जाते? आठव्या दिवशी मनात नको तो हिशेब झाला.

हिच्या आजारपणात डॉक्टरांना दर सोमवारी वजन लागायचं, औषध त्यावर ठरायचं. तिला जिने उतरवत नव्हते, म्हणून मी माझा मोठा काटा घरी आणला होता. तिला उचलून मीच उभं करायचो. शेवटच्या सोमवारी ती सत्तेचाळीस किलो दोनशे ग्रॅम भरली. गुरुवारी गेली.

सत्तेचाळीस. एकेचाळीस नव्हे.

मी पुष्कळ समजूत घातली. माणूस गेल्यावर हलकं होत असेल. गुरुवारपर्यंत उतरली असेल. पण तीन दिवसांत सहा किलो कोणी उतरत नाही, आणि काटा खोटं बोलत नाही. मी स्वतः तपासला होता.

त्या दुपारी ड्रॉवर उघडला तेव्हा मी पहिल्यांदा पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

५

मुलीने शनिवारी फोन केला, सातच्या आधीच.

"बाबा, मी डॉक्टरांशी बोलले. रोज एकाच वेळी तासभर काहीतरी शोधत फिरायचं आणि नंतर आठवायचं नाही, याला ते आजार म्हणतात."

"मी फिरत नाही गं. मी पलंगावर असतो."

"वीस किलो वजनाचे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग स्वयंपाकघरात कोण असतं? सांगा ना. तुम्ही नसाल तर कोण असतं?"

'मी असतो' म्हटलं तर डोकं गेलं. 'दुसरंच कुणी असतं' म्हटलं तर पूर्णच गेलं. इकडे आड, तिकडे विहीर.

ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, नाक ओढत. "मला तुमच्याशी भांडायचं नाहीये हो. पण परवा मी न्हाणीतल्या त्या दिवसाचं स्वप्न बघितलं. निवासात एक खोली रिकामी झालीये. सोमवारी बाई येऊन यंत्र तपासतील. यंत्र खराब निघालं तर माझी चूक. यंत्र ठीक असेल आणि तरी हे असंच चाललं, तर रविवारी मी गाडी घेऊन येतेय. पलंगबिलंग काही आणायचा नाही, तिथे सगळं असतं."

"पलंग नाही?"

"काय करायचाय तो जुना पलंग, बाबा?"

मी म्हटलं, "सोमवारी बाईंना म्हणावं, तीनच्या पुढे या. आधी नको."

६

बाई सव्वातीनला आल्या. त्या बोळात चपला काढत होत्या तेव्हा स्वयंपाकघरात कपाटाचं दार वाजलं.

"पाहुणे आहेत का?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. मी भिंतीला धरून उभा राहिलो. आतला आवाज थांबला होता. मग ड्रॉवर बंद होण्याचे आवाज आले, एकामागून एक. पाच. बाई बाहेर आल्या.

"काका, सगळे उघडे टाकता होय? गुडघा फुटेल एखाद्या दिवशी. आणि ओट्यावर दोन कप काढून ठेवलेत, एक माझ्यासाठी समजू का?"

मी त्यांच्यामागोमाग झोपायच्या खोलीत आलो. वरच्या फळीपर्यंत माझा हात पुरत नाही. हिचा कप टाकताना मी स्टूल घेतलं होतं, आणि ते स्टूल तेव्हापासून झोपायच्या खोलीतच आहे. त्यावर ती डबी आहे.

बाई पलंगापाशी वाकल्या होत्या. "हे बघा, घोळ सापडला. रिकाम्या पलंगावर उणे एकेचाळीस दाखवतंय. बसवलं तेव्हा वर काही सामान होतं का?"

"होतं बहुतेक."

"तरीच! म्हणून तुम्ही वीस भरताय. तुम्ही काटेवाले ना हो? आणि तुमच्यादेखत अशी चूक?"

"माझीच चूक. हात फिरवायचा राहिला."

"आता फिरवते." त्यांनी गादीवरून हात फिरवला. माझ्या बाजूने, मग सरळ पलीकडे, खिडकीपर्यंत, उशीवरून. मी बघत होतो. दीड वर्षात त्या उशीवर कुणाचा हात पडला नव्हता. "रिकामा. जुनं शून्य काढलं की पलंगाचं खरं वजन दिसेल. शहाण्णव. शोभतं पलंगाला. करू शून्य?"

तेव्हा नाही म्हणता आलं असतं. पण चुकीच्या शून्यावर काटा ठेवून मला मरायचं नव्हतं. जे आहे ते काट्याला तरी दिसू दे.

"करा," मी म्हटलं.

जाताना दारात त्या थांबल्या. "मुलीला सांगते, यंत्रात चूक होती, म्हाताऱ्यात नाही. स्वयंपाकघरातला डोळा झुरळानेही पेटतो कधीकधी. खूश?"

"खूश."

"मग चेहरा असा का?"

चहा घेता का, असं मी विचारलं नाही. आयुष्यात दारी आलेल्या माणसाला न विचारलेला हा पहिलाच चहा असेल.

७

दार लावून मी पलंगावर आडवा झालो. माझ्या बाजूला, छताकडे तोंड करून. डबीवर एकसष्ट. खरं वजन, खऱ्या शून्यावरचं. आता मी घरी राहणार होतो. रविवारी गाडी येणार नव्हती. जे मागितलं होतं ते मिळालं होतं.

झोपल्या जागेवरून दारातून बोळ दिसतो आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघरातला डोळा. तो पेटत होता, विझत होता. ड्रॉवरचा आवाज मात्र येत नव्हता. शोधणं संपलं असावं. खाली शिंपीदादांचं मशीन थांबलं.

चारला पाच कमी असताना स्वयंपाकघरातला डोळा विझला.

बोळातला पेटला.

मी बोळाकडेच बघत होतो. बोळात उजेड होता, कोपऱ्यात माझी छत्री होती, आणि काहीही नव्हतं. फक्त एकदा छत्रीची मूठ दिसेनाशी झाली, मध्ये कुणी आडवं आल्यासारखी. मग पुन्हा दिसली.

माझ्या खोलीतला डोळा पेटला. मी हललो नव्हतो. श्वाससुद्धा रोखून धरला होता.

पलंगाच्या पायथ्याशी चादर जराशी ताणली गेली. मी नजर डबीकडे वळवली आणि तिथेच ठेवली. पलंग कुरकुरला, खिडकीकडच्या बाजूने. एकसष्ट. त्र्याहत्तर. नव्वद. मग आकडा स्थिरावला. एकशे दोन.

आणि त्याच क्षणी डबीतून मुलीचा आवाज आला. मी किंचाळायचाच राहिलो.

"बाबा? बाईंचा फोन आला होता. माझं चुकलं हो, मी उगाच काहीबाही बोलले. पण हे काय, आता नवीनच, पलंगावर दोन माणसं असं दाखवतंय. की पुन्हा बिघडलं?"

बिघडलं म्हटलं असतं तर बाई पुन्हा आल्या असत्या, यंत्र ठीक निघालं असतं आणि गाडी आली असती. बटण माझ्या छातीवर होतं.

"नाही बिघडलं," मी म्हटलं. "शिंपीदादा आलेत. टेकलेत जरा."

"खरंच? किती दिवसांनी! हाडकुळे तर हाडकुळे, पण सोबत झाली ना. जीव भांड्यात पडला माझा. तुम्ही एकटे असलात की मला इथे घास गिळवत नाही." ती थांबली. "शिंपीकाका, आहात का? बाबांना रोज येऊन भेटत जा हं."

खोलीत कुणीही बोललं नाही. मी म्हटलं, "त्यांचा डोळा लागलाय."

"बरं, झोपू दे," ती हळू आवाजात म्हणाली आणि डबी बंद झाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं वजन सांगितलं.

शेजारी श्वासाचा आवाज नव्हता. ऊब नव्हती. ओल्या कपांचा आणि बंद कपाटाचा थोडासा वास होता. वस्ताद असते तर म्हणाले असते, हात फिरव. डावा हात उचलून चादरीवरून पलीकडे न्यायचा, एवढंच काम. मी तो बटणावर ठेवला. दाबलं मात्र नाही.

हिचं वजन सत्तेचाळीस दोनशे होतं. ते मी विसरलो नाहीये.

ऊन खिडकीतून सरकत गादीवर आलं. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. मग हळूच थोडा कडेला सरकलो, नीट जागा व्हावी म्हणून. पलंग माझ्या बाजूने कुरकुरला.

आणि जरा वेळाने, पलीकडच्या बाजूनेही.